मुलांचे प्रवेश-अर्ज व घरचा हिशेब

बारावीचा निकाल लागला कीं घाटकोपरच्या चाळींत काय किंवा बोरिवलीच्या सोसायट्यांत काय, घरोघरीं एकच चर्चा सुरू होते: गुण किती, आणि महाविद्यालय कोणतें? फी कोठून आणावयाची, हा प्रश्न मात्र वडील मंडळी मुलांच्या कानांवर जाऊं देत नाहींत. हा संकोच प्रेमापोटीं असला तरी तो महाग पडतो.

कसा, तें पाहूं. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक शिक्षणाकरितां राज्य शासनाची राजर्षि शाहू महाराज शिक्षण-शुल्क शिष्यवृत्ति योजना आहे. नांव यथार्थ आहे. महाराजांनीं १९०१ मध्येंच कोल्हापुरांत विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें होतें. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आंत असल्यास या योजनेंत खुल्या वर्गांतील मुलास निम्मे शिक्षण-शुल्क मिळतें. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना तर २०२४-२५ पासून शिक्षण-शुल्क व परीक्षा-शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच कीं, जागा शासनाच्या केंद्रीय प्रवेश-फेरींतून मिळालेली हवी.

आणि नेमकें येथेंच घात होतो. दुसऱ्या फेरींतहि मनासारखें नांव लागलें नाहीं कीं बाप घाबरतो आणि व्यवस्थापनाच्या कोट्यांतून जागा घेऊन मोकळा होतो. त्या जागेला ही सवलत नाहीं. समजा, शिक्षण-शुल्क वर्षास १,२०,००० रुपये आहे. म्हणजे चार वर्षांत मुलाचे २,४०,००० आणि मुलीचे ४,८०,००० रुपये एका दुपारच्या घाईंत गेले. खासगी अभिमत विद्यापीठांतहि मुलींची ही माफी चालत नाहीं, हेंहि पुष्कळांस मागाहून कळतें.

म्हणून पसंतिक्रम भरण्यापूर्वीं मुलाला जवळ बसवावें आणि घरचें उत्पन्न, कर्जाचा हप्ता, धाकट्या भावंडाचा खर्च, सर्व आंकडे त्याच्यापुढें मांडावे. सतरा वर्षांच्या मुलाला ते पेलतात. आपणांसच तें ठाऊक नसतें. पहिल्याच फेरींत पहिल्या क्रमांकाचें महाविद्यालय मिळालें तर पुढील फेऱ्यांचें दार बंद होतें. तेव्हां पहिलें नांव मुलाला मनापासून हवें असलेलें आणि घरास झेपणारें असावें. विकास-शुल्क या मदतींत येत नाहीं, तें आपणच भरावयाचें असतें. लोकलनें जातां येण्यासारखें महाविद्यालय असेल तर निदान वसतिगृहाचा खर्च टळतो.

कागदपत्रांचें काम मात्र पालकांचें. पगाराची पावती पुरत नाहीं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो. मुंबई उपनगर जिल्ह्यांत अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे तीनच तालुके आहेत, आणि मुलुंड-घाटकोपरकरांचा तालुका कुर्ला. अधिवासाचा दाखला व आधारशीं जोडलेलें मुलाचें बँक-खातें, हींहि मुलाची परीक्षा चालू असतांनाच तयार करून ठेवावीं. निकालानंतर दाखल्यांसाठीं एकच झुंबड उडते.

प्रवेश पक्का झाल्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. तो भरतांना आपण शेजारीं बसावें, पण लिहावयास मुलालाच सांगावें. पुढेंहि दरवर्षीं नूतनीकरणाचा अर्ज त्यालाच करावयाचा आहे, आणि दुसऱ्या वर्षीं तो विसरणारीं घरें थोडीं नाहींत.