सीमा घटक पद्धतीतील समाकलन

स्थितिस्थापक (भार काढल्यावर मूळ आकार धारण करणाऱ्या) पदार्थातील स्थानांतरणे व प्रतिबले (एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत प्रेरणा) त्याच्या सीमेवरील राशींवरून काढण्याच्या पद्धतीस सीमा घटक पद्धती म्हणतात. सीमेचे लहान घटक पाडून प्रत्येकाचा परिणाम समाकलनाने काढतात. हे समाकलन वैश्लेषिक असावे की संख्यात्मक, यावर उत्तराची अचूकता बरीच अवलंबून असते.

एका बिंदूवरील प्रेरणेमुळे अमर्याद घन पदार्थात होणारे स्थानांतरण विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८४८ मध्ये काढले. त्यावर आधारलेली सीमा समीकरणे संख्यात्मक रीतीने सोडविण्याची पद्धत एफ्. जे. रिझो यांनी १९६७ मध्ये मांडली.

बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाचा आहे. अशा खडकात खोदलेल्या विहिरीभोवतालचा खडक एकजिनसी व अमर्याद मानल्यास आडव्या छेदात विहिरीची कड एवढीच सीमा उरते. तेवढीच विभागावी लागते. प्रत्यक्ष खडकात सांधे व थर असल्याने हे प्रतिमान आदर्शीकृत होय.

संख्यात्मक समाकलनात घटकावरील ठराविक बिंदूंपाशी फलनाची मूल्ये काढून त्यांची भारित बेरीज करतात. गाउस यांच्या रीतीने चार बिंदूंत सातव्या घातापर्यंतच्या बहुपदीचे समाकलन अचूक होते. परंतु येथील फलने अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाढत असल्याने सीमेलगत ही रीत फसते. उदा., २ मी. लांबीच्या सरळ घटकाने त्याच्या मध्यासमोरील बिंदूपाशी केलेला कोन समाकलनाने काढता येतो. बिंदू १ मी. दूर असता खरे मूल्य १·५७१ अरीयमान व चार बिंदूंचे १·५६९ येते. अंतर ५ सेंमी. असता खरे मूल्य ३·०४२, तर चार बिंदूंचे केवळ ०·५९९ येते. खडक ढासळण्याची शक्यता विहिरीच्या कडेलगतच अधिक असल्याने ही त्रुटी नेमकी गैरसोयीच्या जागी येते.

सरळ घटकावर राशी स्थिर किंवा रेषीय रीतीने बदलत असल्यास लॉगरिथम व व्यस्त स्पर्शज्या यांच्या साहाय्याने समाकलन अचूक करता येते. वक्र घटकांसाठी अशी सूत्रे सामान्यतः मिळत नाहीत. तेथे घटकाचे उपविभाग पाडतात किंवा चल बदलून बिंदू सीमेलगत दाटीने घेतात. मात्र वर्तुळाकार कड सरळ घटकांनी दर्शविल्यास आकाराची त्रुटी अचूक समाकलनानेही जात नाही. म्हणून दूरच्या घटकांसाठी संख्यात्मक व जवळच्या सरळ घटकांसाठी वैश्लेषिक रीत वापरणे सोयीचे ठरते. पडताळ्यासाठी कीर्श यांचे १८९८ मधील उत्तर उपयोगी पडते : एकाच दिशेने दाब असता वर्तुळाकार छिद्राच्या कडेवरील कमाल प्रतिबल मूळच्या तिप्पट, तर सर्व बाजूंनी समान दाब असता दुप्पट असते.