जुनी गाडी, नवा मालक (भाग ६) : वीज परत येते कुठून?

गाडी घरी आली, कागदपत्रं नावावर झाली, ब्रेक आणि टायरांची तपासणी मागच्या भागात उरकली. आता वायरिंग. जुन्या गाडीचा नवा मालक सर्वांत जास्त इथेच गोंधळतो. ब्रेक ऑइल गळलं तर खाली डाग पडतो, वायरिंगमधला दोष डोळ्यांना दिसत नाही. मग हेडलाइट मिणमिणले की नवे बल्ब, सेल्फ मारल्यावर नुसतंच ‘टक’ झालं की नवी बॅटरी, अशी खरेदी सुरू होते. पैसे जातात आणि दोष जागच्या जागी राहतो. म्हणून या भागात सुटे भाग बाजूला ठेवून आधी मल्टिमीटर हातात घ्यायचा आहे.

उदाहरणाला प्रीमिअर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर बांधलेली ही १०८९ सीसीची गाडी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आज विकत मिळणारी पद्मिनी जवळपास पाव शतकाची तरी असते. तेवढे पावसाळे आणि किनारपट्टीची खारी हवा तिच्या प्रत्येक जॉइंटने सोसलेली असते.

या गाडीत बल्बपर्यंत वीज न्यायला वायर आहे, पण तिथून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत यायला बहुतेक ठिकाणी गाडीचा पत्राच आहे. यालाच गॅरेजात अर्थिंग म्हणतात. दिव्याची अर्थ वायर ज्या स्क्रूने पत्र्याला पकडलेली असते, त्याखाली गंज चढला किंवा रंगकाम करताना तिथे रंगाचा थर बसला की परतीची वाट अडते. जुन्या गाडीतल्या विजेच्या तक्रारींपैकी खूप मोठा वाटा या अडलेल्या वाटेचा असतो. नवा मालक मात्र दोष शोधतो तो वीज जाते त्या बाजूला.

थोडं गणित केलं की हे स्पष्ट होतं. १२ व्होल्टवर ६० वॉटचा हेडलाइट ५ अँपिअर खेचतो, म्हणजे पेटलेल्या बल्बचा रोध २.४ ओहम. अर्थच्या गंजलेल्या स्क्रूने त्यात फक्त ०.६ ओहमची भर घातली, तर प्रवाह ४ अँपिअरवर येतो आणि बल्बच्या वाट्याला ९.६ व्होल्ट उरतात. वॉट उरतात ३८ च्या आसपास. उजेड तर व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने घटतो, त्यामुळे तो निम्म्याहूनही कमी होतो. बल्ब नवा, बॅटरी नवी, तरी रस्ता दिसत नाही!

यावर ९०/१०० वॉटचे बल्ब बसवणं हा आपल्याकडचा लाडका इलाज आहे आणि तो धोक्याचा आहे. असे दोन बल्ब मिळून साधारण १७ अँपिअर खेचतात. तो सगळा भार जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून गेला की स्विच वितळतो. मूळ वॉटचेच बल्ब ठेवावेत, अर्थ घासून चकचकीत करावी आणि हेडलाइटसाठी फ्यूजसह रिले बसवावा.

दोष पकडायची पद्धत सोपी आहे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा आणि दिवा चालू करायचा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर थेट शिशाच्या खांबावर टेकवायची आणि लाल पिन बल्बच्या अर्थवर. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर दोष सापडला. दिवा बंद ठेवून हीच मोजणी केली तर काहीच कळत नाही, कारण प्रवाह वाहिल्याशिवाय अडथळा उघडा पडत नाही.

सेल्फचीही चाचणी अशीच. लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर, काळी निगेटिव्ह खांबावर आणि दुसऱ्याने चावी फिरवायची. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर खेचतो, त्यामुळे एक शतांश ओहमचा अडथळाही एक व्होल्ट गिळतो. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी बघावी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ही पट्टी लागतेच. इंजिन उतरवून पुन्हा चढवताना ती विसरली गेली, तर सेल्फची वीज चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली किंवा धुरकटली तर तिथेच थांबावं.

मागच्या दिव्यांत हाच दोष वेगळं सोंग घेतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद उजळतो, इंडिकेटर लावला की टेल लॅम्प लुकलुकतो. अर्थ न मिळालेली वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून परत जात असते. इथे फ्लॅशर बदलून उपयोग नाही. होल्डर काढायचा, आतली हिरवट बुरशी घासपेपरने साफ करायची आणि अर्थची वायर नव्या थिंबलने पत्र्याला घट्ट करायची.

आता बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन जरा वेगात असताना आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. गाडीला डायनामो असेल तर आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकणं हा दोष नव्हे. कमी फेऱ्यांवर डायनामो फारसा चार्ज देतच नाही. अल्टरनेटर असेल तर एक गोष्ट चुकूनही करू देऊ नये. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघायची’ खोड अनेक गॅरेजांत आहे. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

बॅटरी सकाळपर्यंत उतरत असेल तर गाडी बंद, दारं लावलेली, अशा वेळी निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि खांबाच्या मध्ये मीटर जोडावा, अँपिअरच्या रेंजवर. मीटर लावून चावी फिरवायची नाही. एक अँपिअर जरी झिरपत असेल तरी ४० अँपिअर-अवरची बॅटरी दोन दिवसांत रिकामी होते. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो, चोर त्या सर्किटमध्ये. एकाही फ्यूजला आकडा हलला नाही, तर बॅटरीवरून थेट ओढलेल्या वायरी तपासायच्या. टॅक्सी म्हणून धावलेल्या गाडीत मीटर, टेप, पंखा, सीएनजी किट अशा प्रत्येकाची ‘डायरेक्ट’ वायर निघू शकते. यंत्र गेलं तरी वायर जिवंत राहते आणि चिकटपट्टीखाली तिचं टोक उघडं पडतं. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी सापडली तर ती आधी काढावी. फ्यूज वायरीला आगीपासून वाचवण्यासाठी असतो. चांदी वितळण्याआधी वायर पेटते.

कुठलीही वायर सोडवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह बाजू काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. प्रत्येक मोजणीचा आकडा, जागा आणि वायरचा रंग वहीत टिपावा. पुढच्या भागात डिस्ट्रिब्यूटर उघडायचा आहे. पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल तपासताना बॅटरीचे आणि इंजिनच्या अर्थचे हेच आकडे लागतील.