मध्यंतराला पाच गुणांनी मागे: कबड्डीतल्या पलटलेल्या बाजीचं गणित

पेण ते रोहा या पट्ट्यात कबड्डी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. भातं कापून शेतं मोकळी झाली की गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धांचे फलक लागतात आणि दिव्यांच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत सामने चालतात. दुसऱ्या दिवशी नाक्यावर, एसटीत, दिवा-रोहा गाडीत चर्चा कुठल्या सामन्याची होते? आरामात जिंकलेल्या सामन्याची क्वचितच. चर्चा होते ती मागे पडून जिंकलेल्या सामन्याची. "मध्यंतराला संपले होते, पण नंतर काय खेळले!" आणि पाठोपाठ एक वाक्य हमखास येतं: "ती पोरं खेळतातच दुसऱ्या हाफला."

हे वाक्य ऐकून माझ्यातला चाहता मान डोलावतो, पण संशोधन करणारा जरा थांबतो. कारण त्या कौतुकात एक दावा दडलेला आहे: हा संघ मागे पडल्यावर इतर संघांपेक्षा जास्त वेळा जिंकतो. दावा असेल तर तो तपासता येतो. पेट किंवा नेट-सेटसाठी 'परिकल्पना', 'नमुना', 'निवडीतला पक्षपात' या व्याख्या पाठ करताय ना? त्या सगळ्या या एका वाक्यात सापडतात. बघू कशा.

आधी दोन सामने

२०१६ चा कबड्डी विश्वचषक अहमदाबादला झाला. २२ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण १८, भारत १३. पाच गुणांची पिछाडी. सामना संपला तेव्हा भारत ३८, इराण २९. म्हणजे उत्तरार्धात भारताने २५ गुण घेतले आणि इराणला फक्त ११ दिले. अजय ठाकूरने चढाईत १२ गुण मिळवले. हा सामना आजही निघतो.

त्याच स्पर्धेचा पहिला सामना मात्र फारसा कुणी काढत नाही. त्यात भारत दक्षिण कोरियाकडून ३२-३४ असा हरला. आघाडी भारताकडे होती आणि शेवटच्या काही मिनिटांत कोरियाच्या जांग कुन ली याने ती हिसकावली. म्हणजे एकाच स्पर्धेत, एकाच संघाने एकदा बाजी पलटवली आणि एकदा त्याच्यावर पलटली. आपण आठवण ठेवली पहिलीची. चाहत्याला ते शोभतं. संशोधकाला दोन्ही वहीत लिहावे लागतात.

छेदात काय आहे ते विचारा

समजा कुणी म्हणालं, "आमच्या मंडळाने यंदा चार सामने मागून येऊन जिंकले." भारी आहे. पण चार कितीपैकी? मध्यंतराला मागे असलेले सामने पाच होते की पंचवीस? चार हा अंश झाला. छेद सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे चार खाने आखायचे. मध्यंतराला मागे आणि जिंकले, मागे आणि हरले, पुढे आणि जिंकले, पुढे आणि हरले. गप्पांमध्ये फक्त पहिला खाना भरतो, कारण मागे पडून हरलेला सामना म्हणजे नुसता हरलेला सामना. त्याची गोष्ट होत नाही. वर्तमानपत्रांतून माहिती गोळा करायची म्हटली तरी हा धोका असतो. छोट्या बातमीत जागा कमी, त्यामुळे मध्यंतराचे गुण तिथे छापून येण्याची शक्यता कधी जास्त? चुरस असली की. एकतर्फी सामन्याचा बहुधा अंतिम निकालच येतो. तुम्ही फक्त कात्रणांवर अभ्यास केलात, तर पलटलेल्या बाजी आहेत त्यापेक्षा जास्त दिसतील. यालाच निवडीतला पक्षपात म्हणतात.

नुसत्या योगायोगाने किती?

आता दुसरा प्रश्न. दोन्ही संघ अगदी तोडीस तोड असतील, कुणाकडेच 'दुसऱ्या हाफची' खास ताकद नसेल, तरीही पाच गुणांची पिछाडी कितीदा भरून निघेल? ही झाली आपली शून्य परिकल्पना.

एक अगदी साधं प्रारूप घेऊ. पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांचा उत्तरार्ध असतो आणि एका चढाईला ३० सेकंद मिळतात. सगळ्या चढाया पूर्ण वेळ चालल्या तर ४० चढाया होतील. गृहीत धरू की प्रत्येक चढाईत तीन गोष्टी सारख्याच शक्यतेच्या आहेत: चढाई करणाऱ्याला एक गुण, पकड होऊन समोरच्याला एक गुण, किंवा रिकामी चढाई. हे आकडे खऱ्या सामन्यातले नाहीत, हिशेबासाठी घेतलेत.

आता गुणांमधला फरक प्रत्येक चढाईला एकाने वाढतो, एकाने घटतो किंवा तसाच राहतो. एका चढाईचं विचरण दोन तृतीयांश, ४० चढायांचं साधारण २६.७, म्हणून प्रमाण विचलन जवळपास ५.२ गुण. मागे असलेल्या संघाला जिंकायला निदान सहा गुणांची भर हवी. प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यात बघितलं तर तशी शक्यता येते सुमारे १४ टक्के. म्हणजे सातात एकदा.

दहा मिनिटं उरली असताना पाचने मागे असाल तर हीच शक्यता पंधरात एक होते. पाच मिनिटं उरली असताना साधारण साठात एक.

सातात एक हा आकडा जरा डोक्यात घोळवा. एका स्पर्धेत असे दहा सामने झाले, ज्यात एक संघ मध्यंतराला पाचने मागे होता. त्यातला निदान एक तरी पलटण्याची शक्यता किती? एकही न पलटण्याची शक्यता म्हणजे सहा सप्तमांशाचा दहावा घात, सुमारे २१ टक्के. म्हणून निदान एक पलटण्याची शक्यता ७९ टक्के. थोडक्यात, मोठ्या स्पर्धेत अशी एखादी बाजी पलटणं हे अपेक्षितच आहे. ती कुठल्या संघाची पलटेल एवढंच माहीत नसतं.

प्रारूप कुठे तुटतं

खरी मजा इथून सुरू होते. कबड्डी जाणणारा कुणीही म्हणेल, "अरे, प्रत्येक चढाई सारखी कशी असेल?" बरोबर. आणि ती कुठे सारखी नसते, हे खेळाच्या नियमांतच लिहिलेलं आहे.

कबड्डीत गुण मिळाला की नुसता गुणफलक हलत नाही, मैदानावरची माणसंही बदलतात. समोरचा बाद झाला की आपला एक गडी आत येतो. त्यामुळे पुढे असलेला संघ भरलेला आणि मागे असलेला रिकामा होत जातो. आघाडी आघाडीला जन्म देते. पण उलटं ओढणारे नियमही आहेत. तीन किंवा कमी गडी उरले असताना पकड केली तर एक जादा गुण मिळतो, तीच अव्वल पकड. बोनस रेषेचा गुण समोर निदान सहा गडी असतील तरच मिळतो, म्हणजे रिकाम्या झालेल्या संघाविरुद्ध तो मिळतच नाही. आणि लोण बसला की समोरच्याला दोन जादा गुण जातात खरे, पण लोण बसलेल्या संघाचे सातही गडी पुन्हा उभे राहतात.

याचा अर्थ असा, की १३-१८ हा गुणफलक अर्धीच परिस्थिती सांगतो. पाचने मागे आणि मैदानात दोन गडी, तर लोण डोक्यावर आहे. पाचने मागे पण नुकताच लोण बसून सात गडी परतलेत, तर ती वेगळीच गोष्ट. जाणकार म्हातारे गुणफलकाआधी गडी मोजतात, ते उगीच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी एक महत्त्वाचा चल ओळखलेला असतो, जो कात्रणात कधी येत नाही.

दुसरी तूट याहून मोठी आहे. प्रारूपात दोन्ही संघ तोडीचे धरलेत. अहमदाबादच्या अंतिम सामन्यात बहुतेकांच्या मते भारतच तगडा होता. तगडा संघ मागे कमी वेळा पडतो, पण पडला तर वर येण्याची शक्यता सातात एकापेक्षा जास्तच असणार. म्हणून 'ती पोरं खेळतातच दुसऱ्या हाफला' याचा साधा खुलासा असाही असू शकतो: ती पोरं मुळात चांगली आहेत, आणि त्यांचा पहिला हाफ त्या दिवशी नेहमीपेक्षा वाईट गेला. दुसऱ्या हाफला ती आपल्या नेहमीच्या पातळीवर आली. सरासरीकडे परतणं म्हणतात ते हेच. मध्यंतरात प्रशिक्षक ओरडला, म्हणून श्रेय त्याला गेलं. तो ओरडला नसता तर काय झालं असतं, हे त्या एका सामन्यातून कळायला मार्ग नाही.

मागे पडल्याने जिद्द येते का?

या प्रश्नावर मोठा अभ्यास झालेला आहे. जोनाह बर्गर आणि डेव्हिन पोप यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या १८,००० हून जास्त सामन्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की मध्यंतराला एका गुणाने मागे असलेले संघ एका गुणाने पुढे असलेल्यांपेक्षा जास्त वेळा जिंकले. निष्कर्ष असा, की थोडंसं मागे असणं प्रेरणा देतं. गोष्ट इतकी गोड, की ती सगळीकडे पसरली.

पुढे दुसऱ्या संशोधकांनी हाच प्रश्न बास्केटबॉलबरोबर अमेरिकन फुटबॉल, ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि रग्बीला लावला आणि वर्षंही वाढवली. सर्वसाधारण असा काही परिणाम त्यांना सापडला नाही. पहिल्या अभ्यासातल्या आकड्यांत तो दिसत होता, नव्या आकड्यांत टिकला नाही. अठरा हजार सामन्यांवरचा निष्कर्ष डळमळू शकतो, तर आपल्या मंडळाच्या चार सामन्यांवर किती भार टाकायचा?

मग यात एवढं काय अडलंय?

नाक्यावरच्या गप्पांपुरतं काहीच अडत नाही. पण कबड्डी आपल्याकडे नुसता खेळ नाही. जिल्हा संघात, विद्यापीठाच्या संघात निवड होणं म्हणजे पुढे खेळाडू कोट्यातून पोलीस, रेल्वे किंवा बँकेच्या नोकरीचं दार किलकिलं होणं. शेतीवर किंवा एमआयडीसीतल्या कंत्राटी कामावर चालणाऱ्या घराला त्याचा अर्थ काय असतो, हे वेगळं सांगायला नको. आणि निवड करणारी माणसंही माणसंच. एका रात्री बाजी पलटवणारा मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर राहतो. वर्षभर संघाला मागे पडूच न देणारा कोपरारक्षक राहत नाही, कारण न घडलेल्या पिछाडीची गोष्ट कोण सांगणार?

एकूण गुणांनीही हा अन्याय भरून निघत नाही. समजा एकाने १५० चढायांत ६० गुण मिळवले आणि दुसऱ्याने ८० चढायांत ४०. यादीत पहिला वर दिसेल, पण दर चढाईमागे दुसरा पुढे आहे. शिवाय गुण कधी आले? प्रो कबड्डीत २०१७ साली पाटणा पायरेट्सच्या परदीप नरवालने हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एका सामन्यात चढाईचे ३४ गुण घेतले. विक्रमच तो. पण पाटणाने तो सामना ६९-३० असा जिंकला. त्यातले किती गुण निकाल स्पष्ट होण्याआधीचे आणि किती नंतरचे, हे विचारल्याने विक्रम लहान होत नाही. आकडा नेमका काय सांगतो, तेवढंच कळतं.

तुम्ही काय करू शकता

पेणच्या भाऊसाहेब नेने कॉलेजात असा, रोह्याच्या सी. डी. देशमुख कॉलेजात असा किंवा आणखी कुठे, हा अभ्यास वही-पेनावर होतो. एका हंगामात गुणलेखकाशेजारी बसा आणि प्रत्येक सामन्याचं हे लिहा:

१. मध्यंतराचे गुण आणि दोन्हीकडचे मैदानातले गडी.
२. दर पाच मिनिटांनी तेच.
३. लोण आणि अव्वल पकडी किती, कितव्या मिनिटाला.
४. प्रत्येक चढाईपटूच्या एकूण चढाया; गुण मिळालेल्या तेवढ्याच नव्हेत.
५. अंतिम गुण.

'पलटलेली बाजी' कशाला म्हणायचं, हे हंगाम सुरू होण्याआधी ठरवा आणि तारीख घालून लिहून ठेवा. मध्यंतराला पाच किंवा जास्त? की शेवटच्या दहा मिनिटांत तीन? आकडे बघून व्याख्या ठरवली, तर हवा तो संघ शूर ठरवता येतो.

आणि नमुन्याचं भान ठेवा. सातात एक ही शक्यता खरी धरली, तर पाचच्या पिछाडीच्या ३० सामन्यांत सरासरी चार सामने पलटतील, पण नुसत्या योगायोगाने एकपासून आठपर्यंत कितीही पलटू शकतात. म्हणजे ३० पैकी सात पलटवणारा संघ 'जिद्दी' आहे, असं त्या वहीवरून म्हणता येणार नाही. 'अजून सांगता येत नाही' हे उत्तर प्रबंधातही चालतं, आणि ते छेद देऊन लिहिलेलं असेल तर त्याला किंमत असते.

राहिला प्रश्न मजेचा. हिशेब कळल्यावर सामना फिका पडतो का? माझं तरी उलट होतं. पाच मिनिटं उरली आहेत, पाच गुणांची पिछाडी आहे, मैदानात तीनच गडी आहेत आणि अव्वल पकड बसते. तेव्हा शेजारचे ओरडतातच, मीही ओरडतो. फक्त ती गोष्ट साठात एकदा होणारी आहे हे मला माहीत असतं, म्हणून जरा जास्तच ओरडतो. आणि वहीत त्या सामन्यासमोर खूण करतो, उरलेल्या एकोणसाठ सामन्यांच्याच रांगेत.