कोऱ्या मशिनपासून चालत्या सर्व्हरपर्यंत
(लेखमाला : लिनक्स सर्व्हर, लेखांक 7)

कंद लावून केलेली केळीची बाग एकसारखी येत नाही, हे चोपड्यात कुणाला सांगावं लागत नाही. एक झाड आधी निसवतं, शेजारचं मागे राहतं, कापणी रेंगाळते. जैन इरिगेशनच्या टिश्यू कल्चर ग्रँड नैन रोपांनी ते चित्र बदललं. बाग बरोबरीने निसवू लागली. पेनड्राइव्ह लावून एकेक करून उभे केलेले वीस सर्व्हर म्हणजे कंदाची बाग. एकावर वेळ चुकलेली, दुसऱ्यावर एक पॅकेज राहून गेलेलं, आणि का राहिलं ते कुणालाच आठवत नाही.

मागच्या आठवड्यात आपण एक सर्व्हर हाताने उभा केला. रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स घेतलं असेल, तर त्यातल्या रूट वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये 'अॅनाकोंडा-केएस.सीएफजी' नावाची फाइल सापडेल. उघडून पाहा. भाषा, टाइमझोन, डिस्कचे भाग, पॅकेजेस. तुम्ही दिलेलं प्रत्येक उत्तर तिथे लिहिलेलं आहे. हीच किकस्टार्ट फाइल. ती पुढच्या मशिनला दिली की ते काहीच विचारत नाही. डेबियनमध्ये हेच काम प्रीसीड करतं.

पण कोऱ्या मशिनला ही फाइल मिळणार कशी? इंटेलने आणलेल्या पीएक्सई पद्धतीने. मशिन सुरू होताच नेटवर्क कार्ड जाळ्यावर पुकारा करतं. डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि कुठली फाइल कुठून घ्यायची तेही सांगतो. टीएफटीपीवरून छोटा बूटलोडर येतो, मग कर्नल, मग इन्स्टॉलर. पॅकेजेस मात्र आपल्याच एका मशिनवर ठेवा. वीस मशिननी एकदम इंटरनेटवरून ओढायला सुरुवात केली, तर तालुक्याच्या गावातली लाइन दिवसभर अडते.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका ऑफिसात मी ही व्यवस्था चालू जाळ्यावरच बसवली. तिथल्या एका जुन्या कॉम्प्युटरचं सेटिंग 'आधी नेटवर्कवरून सुरू हो' असं होतं. रात्री लाईट गेली, पहाटे आली, तो सुरू झाला आणि माझी फाइल वाचू लागला. फाइलीत 'क्लिअरपार्ट' ही ओळ होती, म्हणजे डिस्क पुसून टाक. हिशेबाच्या नोंदी गेल्या. म्हणून सांगतो, स्विच वेगळा ठेवा आणि मेनूत पहिला पर्याय मशिनच्या स्वतःच्या डिस्कचा ठेवा.

कॉबलर हे साधन इथे फार उपयोगी पडतं. नोंदवलेल्या मॅक पत्त्यांनुसार ते कुठल्या मशिनला काय द्यायचं ते ठरवतं, आणि इन्स्टॉल एकदा झालं की त्या मशिनचं नेटवर्क बूट बंद करायची सोय देतं. ते लिहिणाऱ्या मायकेल डिहान यांनीच 2012 मध्ये अॅन्सिबल (त्याबद्दल पुढे) आणलं. 2009 पासूनचा फोरमन खऱ्या आणि आभासी, दोन्ही मशिनचा कारभार एका पडद्यावर देतो. पण दहा-बारा मशिनसाठी तो जड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. किकस्टार्ट आणि अॅन्सिबल पुरेसे आहेत. केव्हीएमवरच्या आभासी मशिनलाही तीच किकस्टार्ट फाइल चालते, फक्त डिस्कचं नाव वेगळं असतं ते बदलून घ्या.

लागवडीनंतर ठिबकमधून खत द्यावं, तसं अॅन्सिबल आहे. सर्व्हरवर वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागत नाही. एसएसएच आणि पायथन असलं की झालं. फाइलीत 'फायरवॉल चालू असावा' असं लिहायचं. बंद असेल तिथे तो चालू करतं, चालू असेल तिथे हात लावत नाही. तीच फाइल लगेच पुन्हा चालवली, तर प्रत्येक मशिनपुढे 'चेंज्ड' शून्य दिसायला हवं. महिन्याभराने चालवताना आधी 'चेक' लावा, म्हणजे काहीही न बदलता ते फक्त फरक दाखवेल. एखाद्या मशिनपुढे 1 दिसला, तर तिथे कुणीतरी हाताने काही केलेलं असू शकतं. आधी त्याला विचारा. कदाचित त्याचं बरोबर असेल आणि बदलायला हवी असेल ती आपली फाइल.