आधी बातमी, मग पान

१९२४ साली साने गुरुजी अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि तिथल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ हे दैनिक काढले. खिळे नाहीत, छपाईयंत्र नाही; सगळा अंक हाताने लिहिलेला. १९२८मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक आले आणि स्वातंत्र्यानंतर, १५ ऑगस्ट १९४८ला, ‘साधना’. ‘साधना’विषयी भरपूर लिहिले गेले आहे. वसतिगृहातल्या त्या हस्तलिखित दैनिकाकडे मात्र आपल्या शाळांनी पुरेसे पाहिलेले नाही.

आजही शाळांतून हस्तलिखिते निघतात, भित्तिपत्रके लागतात, स्नेहसंमेलनाला वार्षिक अंक छापला जातो. त्यांत कविता असते, सहलीचे वर्णन असते, मुख्याध्यापकांचे मनोगत असते. ते असावेच. पण पाण्याच्या टाकीला तडा गेला, सकाळची एसटी बंद झाली, आठवडी बाजाराची जागा हलली, यातले काही त्या अंकांत सापडत नाही. मुले रोज याच गावातून चालत शाळेत येतात. पाणी कोणत्या आळीला येत नाही हे त्यांना मोठ्यांच्या आधी कळते, कारण हंडा घेऊन रांगेत बऱ्याचदा तीच उभी असतात. विद्यार्थ्यांचे स्थानिक वृत्तपत्र हा प्रकल्प म्हणूनच मला मोलाचा वाटतो. तो हाती घ्यायचा तर मोठी वृत्तपत्रे कशी चालतात हे आधी समजून घ्यायला हवे.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या दैनिकाचा दिवस पाहा. बातमीदार आपापल्या बीटवर आज काय आहे ते बैठकीत सांगतात : महापालिका, पोलीस, शिक्षण, आरोग्य, न्यायालय. बीटवरचा शिपाई, कारकून, अधिकारी, आंदोलक सगळे ओळखीचे असावे लागतात, कारण कामाची बातमी पत्रकार परिषदेत क्वचितच मिळते. ती फलकावर चिकटवलेल्या निविदेत असते, सभेच्या विषयपत्रिकेतल्या शेवटच्या विषयात असते. दुपारनंतर तालुक्यांतल्या वार्ताहरांचा मजकूर येऊ लागतो. संध्याकाळी पहिल्या पानावर काय जाणार हे ठरते. तोवर जाहिरात विभागाचा डमी आलेला असतो. कोणत्या पानावर किती कॉलम आणि किती सेंटिमीटर जाहिरात, हे त्यात आखलेले असते. उरेल ती जागा बातम्यांची. वाचकाला हे उलटे वाटेल, पण आपण देतो त्या किमतीत कागद आणि छपाईसुद्धा भागत नाही. मोठा भार जाहिराती उचलतात. मग काम डेस्ककडे जाते. उपसंपादक बातमी तपासतो, छाटतो, मथळा देतो, पान लावून घेतो. लांबच्या गावांसाठीची डाक आवृत्ती लवकर सोडावी लागते आणि शहर आवृत्ती उशिरा. रात्री उशिरा घडलेली घटना शहरातल्या अंकात दिसते आणि दूरच्या तालुक्यातल्या अंकात नसते, ती यामुळे. पहाटे गठ्ठे सुटतात आणि विक्रेते पुरवण्या घालायला बसतात.

या साऱ्या साखळीत मला डेस्कची खुर्ची सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याने बातमी लिहिलेली नाही असा माणूस तिथे बसून विचारतो : हे कशावरून? शाळेतल्या प्रकल्पांत नेमकी हीच खुर्ची रिकामी राहते. बातमीदार सगळ्यांनाच व्हायचे असते, संपादकपदासाठी चुरस असते. तपासायला कोणी नसते.

तपासणी चुकली की काय होते, याचे उदाहरण मराठी पत्रकारितेच्या सुरुवातीच्या काळातच आहे आणि ते थोरांचे आहे. जानेवारी १८८१मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले, तेव्हा टिळक आणि आगरकर दोघेही पंचविशीच्या आतबाहेर होते. (त्याआधी ६ जानेवारी १८३२ला ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर तर जेमतेम विशीतले. आपल्याकडे वृत्तपत्रे तरुणांनीच सुरू केली, हे मुलांना आवर्जून सांगावे.) कोल्हापूरच्या तरुण महाराजांना वाईट वागणूक मिळते आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा आरोप करणारा मजकूर या पत्रांनी छापला. आधाराला काही पत्रे होती. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट असल्याचे उघड झाले. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरीही १८८२मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले, आणि त्यावर आगरकरांनी पुस्तकही लिहिले.

त्यांची कळकळ खरी होती, धैर्यही खरे होते. सुटका झाल्यावर लोकांनी त्यांचे वाजतगाजत स्वागत केले. तरीही वर्गात ही गोष्ट सांगताना केवळ तुरुंगवासाच्या तेजावर थांबू नये. कागद हातात आला, तो आपल्या मताला पोषक होता आणि तो कोणी लिहिला याची खातरी झाली नव्हती; यावर मुलांशी तासभर बोलावे. आज असा कागद मोबाइलवर ‘फॉरवर्ड’ होऊन येतो, त्यामुळे मुलांना हा प्रसंग लगेच कळतो.

दुसरा धडा डॉ. ना. भि. परुळेकरांचा. अमेरिकेत शिकून आलेल्या परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ला पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. अग्रलेखावर पत्राची ओळख ठरण्याच्या त्या काळात त्यांनी बातमीला, त्यातही गावोगावच्या बातमीला, मानाचे स्थान दिले.

आता प्रकल्प. शाळा पहिली बैठक घेते ती अंकाचे नाव आणि बोधचिन्ह ठरवायला. ते शेवटी ठरवावे. आधी भिंतीवर गावाचा किंवा प्रभागाचा नकाशा लावावा आणि पायी जाता येईल एवढाच भाग आपला मानावा. त्यात बीट पाडावेत : पाणी, एसटी आणि रिक्षा, प्राथमिक आरोग्य केंद्र, रेशन दुकान, बाजार, अंगणवाडी आणि शाळा, ग्रामपंचायत. एका बीटवर दोघे जण. दोघांनी ऐकले की टिपणातली चूक तिथेच सापडते.

ज्यांना लिहायचा कंटाळा येतो किंवा ज्यांचे लेखन कच्चे आहे, त्यांना वगळण्याचे कारण नाही. दिल्लीत रस्त्यावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या मुलांचे ‘बालकनामा’ हे हिंदी वृत्तपत्र २००३पासून निघते. लिहिता न येणारी मुले तिथे ‘बातूनी रिपोर्टर’ असतात. ती घडलेले सांगतात आणि लिहिणारी मुले उतरवून घेतात. आपल्याकडे ऊसतोडीमुळे शाळा बदलत राहणारी, घरी गोंडी, भिली किंवा कोरकू बोलणारी मुले वर्गात असतात. त्यांच्याजवळ बातम्या भरपूर आहेत आणि ही सोय त्यांच्यासाठी हवीच.

बातमी कुठून आणायची, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. हवामान खाते सकाळी साडेआठला आधीच्या २४ तासांचा पाऊस मोजते. शाळेत एक पर्जन्यमापक बसवून त्याच वेळी नोंद ठेवली तर पावसाळ्यात प्रत्येक अंकाला स्वतःची, तपासता येणारी बातमी मिळते. तालुक्याच्या नोंदीशी ती जुळली नाही तर का, ही दुसरी बातमी. बाजार समितीचे भाव मिळतात. रेशन दुकानाचा फलक वाचता येतो. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. मुलांनी मागे बसून नुसती टिपणे घेतली तरी अर्धे पान भरते. एखादी माहिती मिळतच नसेल तर शिक्षकाने किंवा पालकाने स्वतःच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. हा महिना वेळापत्रकात धरावा लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकावा.

आकाराबद्दल फार महत्त्वाकांक्षा नको. ए-थ्री आकाराचा एक कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात. वाचता येईल असा टाइप, मथळे आणि दोन-तीन छायाचित्रे धरली तर त्यात बाराशे ते चौदाशे शब्द बसतात. म्हणजे सव्वाशे शब्दांच्या दहा-अकरा बातम्या. मुलांना हा हिशेब सांगितला की त्यांची वाक्ये आपोआप आखूड होतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या फॉण्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे फुटतात आणि शेवटची रात्र त्यातच जाते.

छापायचे की भिंतीवर लावायचे, हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. १८६७च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३चा नियतकालिक नोंदणी कायदा आला आणि तो १ मार्च २०२४पासून लागू झाला. सार्वजनिक बातम्या देणारे, ठरावीक काळाने छापून निघणारे प्रकाशन त्याच्या कक्षेत येते. नियमित छापील अंक काढण्याआधी शाळेने याची चौकशी करावी. सुरुवात हस्तलिखित भित्तिपत्रानेच करावी असे माझे मत आहे. भित्तिपत्र बाजारपेठेत लागू शकते, ग्रामपंचायतीच्या आवारात लागू शकते, आणि लोक उभे राहून वाचताना मुलांना दिसतात.

एका बाबतीत मुभा नाही. अत्याचाराला बळी पडलेल्या किंवा एखाद्या गुन्ह्यात सापडलेल्या बालकाची ओळख पटेल असे काहीही छापता येत नाही. नाव नाही, शाळा नाही, घर नाही, फोटो नाही. लहान गावात आळीचे नाव लिहिले तरी ओळख पटते, हेही मुलांना समजावून सांगावे लागते.

आणि बातमी खरी असेल तर कोणीतरी रागावणार, हे धरून चालावे. रेशन दुकानदार शाळेत येईल, एखादा सदस्य मुख्याध्यापकांना फोन करील. त्या दिवशी गोंधळ होऊ नये म्हणून नियम आधीच लिहून ठेवावेत. ज्याच्याविषयी बातमी आहे त्याचे म्हणणे छापण्यापूर्वी विचारायचे, आणि तो बोलला नाही तर तसे लिहायचे. चूक निघाली तर पुढच्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती द्यायची. चूक नसेल तर बातमी मागे घ्यायची नाही, तक्रार करणाऱ्याचे पत्र छापायचे. फोनला उत्तर मोठ्यांनी द्यायचे, बातमीदार मुलाला पुढे करायचे नाही. या कागदावर मुख्याध्यापक, एक पालक आणि विद्यार्थी-संपादक अशा तिघांच्या सह्या पहिला अंक लागण्यापूर्वीच झालेल्या असाव्यात.