घरच्या दारी तोरण

लग्न ठरले की व्यापारी घरात सर्वप्रथम कागद निघतो तो यादीचा. पेढीवरची माणसे, बाजारातील शेजारचे गाळेधारक, अडते, दलाल, मालाचे पुरवठादार, संघाचे पदाधिकारी, आजोळ, पणजोळ आणि ज्यांच्या घरच्या लग्नाला आपण जाऊन आलो ते सर्व. यादी हजाराच्या पुढे सरकते. मग त्या यादीला पुरेल असे कार्यालय किंवा लॉन शोधले जाते. जागा ज्या दिवशी मोकळी, तो दिवस लग्नाचा. वधू-वरांना काय हवे हा प्रश्न या क्रमात बहुधा शेवटी येतो.

अशा वेळी घरातील लेक जर म्हणाली, "पप्पा, माझे लग्न आपल्या घरीच करा," तर बैठकीत क्षणभर शांतता पसरते. "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. व्यापारी घरात या प्रश्नाचा अर्थ वेगळा असतो. 'लग्न लहान केले म्हणजे धंद्यात ओढ लागली असेल,' असे बाजार म्हणेल ही त्यामागची खरी धास्ती. लग्नाचा मांडव हा पतीचा, म्हणजे बाजारातील विश्वासाचा, ताळेबंद समजला जातो. त्यामुळे घरच्या लग्नाचे नियोजन जागा, आचारी आणि फुले यांपासून सुरू होत नाही. या धास्तीला घरातील वडीलधारे काय उत्तर देतात, तेथून ते सुरू होते.

जुनी रीत, नवे धाडस

मुलीच्या दारी लग्न ही मूळची आपलीच रीत आहे. वराने वधूच्या दाराशी येऊन तोरण मारावे, सासूने त्याला ओवाळावे आणि मगच त्याने आत पाऊल टाकावे, या विधीत दार याचा अर्थ वधूचे घर असाच आहे. लॉनवर त्यासाठी प्लायवूडची कमान उभारली जाते आणि काही तासांनी उतरविली जाते. रविवार, गुरुवार, भवानी पेठेतील वाड्यांच्या चौकांत एकेकाळी मांडव पडत, तेव्हा तोरण घराच्याच चौकटीला असे. महाराष्ट्रातील इतर समाजांतही 'यादी पे शादी' ही पद्धत परिचित आहे. दोन्ही घरांनी एकत्र बसून देण्याघेण्याची व मानपानाची यादी करावयाची आणि त्याच बैठकीत, बहुधा मुलीच्या दारातच, लग्न उरकावयाचे.

पुण्याने लग्नाची दोन्ही टोके पाहिली आहेत. 10 फेब्रुवारी 1783 रोजी सवाई माधवराव पेशवे यांचा थत्ते घराण्यातील रमाबाईंशी झालेला विवाह थाटामाटासाठी गाजला. त्याच्या व्यवस्थेची नाना फडणविसांनी काढलेली तपशीलवार याद आजही नियोजनाचा नमुना म्हणून सांगितली जाते. त्यानंतर नव्वद वर्षांनी, 25 डिसेंबर 1873 रोजी, याच पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह अत्यल्प खर्चात पार पडला. आपल्या समाजात 1985 साली पुण्यात शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने सामूहिक विवाहांद्वारे खर्चाच्या स्पर्धेला उत्तर शोधले.

चौथा अनुभव सक्तीचा होता. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली. त्या वर्षीची अक्षय तृतीया 26 एप्रिलची होती. ऊसाच्या रसाने होणारी वर्षीतपाची पारणी त्या दिवशी घराघरांत झाली आणि त्या मुहूर्ताची ठरलेली लग्ने पुढे ढकलली गेली. पुढे विवाहास 50 माणसांची मर्यादा आली. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात ती 25 माणसे आणि दोन तास इतकी खाली आली. गच्चीवर, दिवाणखान्यात, सोसायटीच्या आवारात लग्ने लागली. त्या काळात पंचवीस माणसांत लग्न केले म्हणून कोणत्या पेढीची उधारी बंद झाली? सरकारी आदेशामुळे जे सर्वांनी सहज स्वीकारले, तेच स्वेच्छेने करावयाचे म्हटले की मात्र धीर लागतो.

हा धीर कागदावर उतरविण्यासाठी तीन याद्या कराव्या लागतात.

पहिली यादी : माणसांची

बिबवेवाडी किंवा महर्षीनगरातील एखादे घर धरून चालू. वर गच्ची, खाली सोसायटीचे आवार, दोन्ही मिळून शंभर माणसे नीट बसू शकतील अशी जागा. म्हणजे पन्नास माणसे वधूपक्षाची आणि पन्नास वरपक्षाची. हा आकडा साखरपुड्याआधीच्या पहिल्या बैठकीत ठरला पाहिजे. वरपक्षाला तो नंतर कळविला गेला, तर साधेपणा हा त्यांना आपला अपमान वाटतो. आधी विचारला गेला, तर तो दोघांचा मिळून घेतलेला निर्णय ठरतो.

यादी छाटताना माणसे पाहून छाटू नये, नात्याची रेषा आखावी. सख्खे काका, मामा, आत्या, मावशी आणि त्यांची मुले, इथपर्यंत रेषा आली की ती सर्वांना सारखी लागू करावी. 'एका चुलतभावाला बोलावले, दुसऱ्याला नाही' यातून जी अढी बसते ती दोन पिढ्या जात नाही. 'चुलतभावांपैकी कोणीच नाही' हे वाईट वाटले तरी समजते.

मात्र रेषेच्या बाहेरची काही नावे प्रथमच लिहून टाकावीत. वीस-वीस वर्षे खाते सांभाळणारे मुनीम, गोदामावरचा जुना माणूस, वधूला लहानपणी शाळेच्या रिक्षापर्यंत सोडणाऱ्या बाई. लॉनवरच्या हजारांत ही माणसे एका कोपऱ्यात जेवून जातात. घरच्या शंभरांत त्यांना समोरच्या ओळीत बसविता येते.

राहिला व्यवहाराचा भाग. ज्यांना बोलावता येणार नाही अशा व्यापारी स्नेह्यांना लग्नापूर्वी घरातील कर्त्या माणसाने स्वतः फोन करावा किंवा दुकानी जाऊन सांगावे, "लेकीच्या इच्छेने घरातच करतो आहोत. आशीर्वाद असू द्या. नंतर जोडप्याला घेऊन येतो." लग्नानंतर मिठाईचा पुडा पाठवून कळविणे आणि आधी जाऊन सांगणे यांत मोठे अंतर आहे. आधी सांगितले तर मान राहतो. नंतर कळले तर खुलासा द्यावा लागतो. हे काम मुलांवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सोपवू नये. बाजाराची धास्ती बाजारात जाऊनच दूर होते.

दुसरी यादी : कामांची

जैन घरच्या लग्नाचे वेळापत्रक सूर्य ठरवितो. पुण्यात डिसेंबरमध्ये सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, मेच्या मध्यास सातच्या सुमारास. चौविहार करणारी मंडळी त्याआधी पाणीसुद्धा आटोपतात. शंभर माणसे, पंचवीसची एक पंगत, प्रत्येकीस चाळीस मिनिटे धरली, तर चार पंगतींना दोन तास चाळीस मिनिटे लागतात. म्हणजे डिसेंबरात पहिली पंगत अडीच वाजता बसली तरच शेवटची सव्वापाचपर्यंत उठेल. यावरून मुहूर्त दुपारपूर्वीचा असावा हे आपोआप ठरते.

पाण्याचा हिशेब स्वतंत्र करावा. माणशी दोन लिटर धरले तर दोनशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे दहा जार. पक्के पाणी घेणाऱ्यांची संख्या निमंत्रणाच्या वेळीच विचारून घ्यावी. श्वेतांबर परंपरेत त्याची मर्यादा हिवाळ्यात चार प्रहर आणि उन्हाळ्यात पाच प्रहर, म्हणजे सुमारे बारा आणि पंधरा तास मानली जाते. पहाटे पाचला उकळलेले पाणी हिवाळ्यात सायंकाळी पाचपर्यंत चालेल. त्यापुढच्यांसाठी दुसरे पातेले हवे.

आचाऱ्याला कंदमूळ वर्ज्य हे सांगावे लागत नाही. पण द्विदलाचे सांगावे लागते. कच्च्या दह्याचा आणि डाळीचा संयोग पदार्थांच्या यादीत नकळत शिरतो, दहीवडा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी चालत नसल्याने ते त्याच सायंकाळी कोणाकडे पोहोचवायचे आणि कोण पोहोचविणार, ही नावे आधी लिहावीत. ताटात उष्टे राहू नये हा नियम शंभर माणसांत पाळता येतो, कारण वाढणारा हात घरचा असतो.

घर ही वस्ती आहे, कार्यालय नव्हे, याचेही भान हवे. सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि वाहने कोठे लागणार ते ठरवावे. निवासी भागात ध्वनीची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई आहे. आचाऱ्याने घरगुती 14.2 किलोचे सिलिंडर न वापरता व्यावसायिक 19 किलोचे आणावे, आणि चूल गच्चीवरच्या कापडी मांडवाखाली मांडू नये. जुन्या वाड्यात सज्जावर गर्दी होऊ देऊ नये. वृद्धांसाठी तळमजल्यावर एक खोली आणि एक स्वच्छतागृह राखून ठेवावे.

या यादीत प्रत्येक कामापुढे एकच नाव असावे. 'सर्वांनी पाहावे' असे लिहिलेले काम कोणीच पाहत नाही. आणि एका नावापुढे मात्र एकही काम नसावे. ते नाव वधूच्या आईचे. घरच्या लग्नाचा साधेपणा पुष्कळदा घरातील स्त्रियांच्या श्रमांवर उभा राहतो. पुरुष बैठकीत 'किती सुटसुटीत झाले' असे म्हणत असतात, तेव्हा आई स्वयंपाकघरात पुढच्या पंगतीची पाने मोजत असते. लेक फेरे घेत असताना आई मांडवात बसलेली असणे, ही नियोजनाची खरी कसोटी समजावी. त्यासाठी वाढपी जास्त लावावे लागले, तर तेवढा खर्च जरूर करावा.

तिसरी यादी : भेटींची

ही यादी कायद्यानेच सांगितलेली आहे, तरी फारच थोड्या घरांत केली जाते. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील 1985 च्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्या भेटींची वराने ठेवावयाची असते. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, नाते आणि वधू-वर दोघांच्या सह्या एवढे त्यात हवे. हजारांच्या गर्दीत हे अवघड होते. शंभरांत एक समंजस पुतण्या वही घेऊन बसला तर तासाभरात होते.

विवाहानिमित्त वधू-वरांना मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही. परंतु ही सवलत त्यांनाच आहे, आईवडिलांना नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून आईवडिलांच्या नावे आलेली रक्कम वर्षात 50 हजारांपुढे गेली तर ती करपात्र ठरते. एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून 2 लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे, आणि तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आचारी आणि मांडववाले यांची मोठी देणीही म्हणूनच बँकेमार्फत द्यावीत. लॉनचे वाचलेले पैसे गाजावाजा न करता लेकीच्या एकटीच्या नावे मुदत ठेवीत ठेवावेत. ठेवीची पावती तिच्याकडेच द्यावी.

विवाहाचा पुरावाही जपावा. हिंदू विवाह कायदा 1955 जैनांना लागू आहे, आणि केवळ नोंदणीने विवाह होत नाही, रूढ विधी व्हावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून फेऱ्यांची छायाचित्रे, विधी करविणाऱ्यांची सही आणि तीन साक्षीदार यांची तजवीज त्याच दिवशी करावी, आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी लांबवू नये.

उंबरठा

लॉनवर पाठवणीच्या वेळी बाजूला खुर्च्या रचल्या जात असतात, कारण संध्याकाळी दुसऱ्यांचे कार्य असते. लेक ज्या दारातून निघते ते दार तिचे नसते. घरच्या लग्नात ती त्याच उंबरठ्यावर थांबते, ज्यावर शाळेला जाताना बूट घातले होते. शेजारच्या काकू गॅलरीतून डोळे पुसतात. जुने मुनीम गाडीचे दार उघडतात. आईच्या हाती काम नसते, म्हणून तिला लेकीला जवळ घेता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा नेहमीप्रमाणे दुकान उघडतात. समोरचा गाळेवाला विचारतो, "काय शेठ, आटोपले का छान?" त्याला आठ दिवसांपूर्वीच दुकानी जाऊन सांगितलेले असते. "रविवारी जोडप्याला घेऊन येतो," असे उत्तर मिळते, आणि बाजार नेहमीच्या वेळेला सुरू होतो. घरी चौकटीवरचे तोरण वाळेपर्यंत तसेच राहते.