डेस्कटॉपची दुरुस्ती : एकेक शक्यता वगळत जाण्याची विद्या

बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. दुरुस्तीच्या दुकानांत या तक्रारीला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. मालक धास्तावलेला असतो आणि ‘बोर्डच गेला असणार’ असं कुणीतरी त्याला आधीच सांगितलेलं असतं. चांगला कारागीर मात्र त्या घडीला कोणताच निष्कर्ष काढत नाही. दोष वीजपुरवठ्यात असेल, रॅममध्ये असेल, प्रोसेसरमध्ये असेल किंवा निव्वळ मॉनिटरच्या केबलमध्ये. एकेक शक्यता वगळत तो दोषाच्या जागेपाशी पोचतो. अंदाजाने भाग बदलत सुटणारा आणि खरा कारागीर यांच्यातला फरक इथेच कळतो.

ही विद्या शक्य झाली ती यंत्राच्या घडणीमुळे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याच्या बोर्डावर वेगळी कार्डं बसवायला पाच स्लॉट होते आणि त्याची तांत्रिक माहितीही कंपनीने छापून उपलब्ध केली होती. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणला. बोर्डाचं माप, स्क्रूच्या जागा, वीजपुरवठ्याची जोडणी हे सगळं त्यात ठरलं. म्हणून एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो आणि तिसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, चालतो. काही ब्रँडेड यंत्रांत जोडण्या वेगळ्या असतात, तेवढं भाग घेण्याआधी तपासावं लागतं.

तपासाची सुरुवात विजेपासून होते. एसएमपीएस २३० व्होल्टच्या घरगुती विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. तारा रंगीत असतील तर पिवळी १२ची, लाल ५ची, नारिंगी ३.३ची. जांभळ्या तारेत यंत्र बंद असतानाही ५ व्होल्ट असतात. बोर्डापासून मोकळ्या केलेल्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी तार काळ्या तारेला वायरच्या तुकड्याने जोडली, की ठीक असलेला एसएमपीएस सुरू होतो. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस पास झाला, असं नाही. खरी परीक्षा भार पडल्यावर मल्टीमीटरने घ्यायची. १२च्या तारेवर ११.४ ते १२.६ इतकंच चालतं; त्याखाली गेलं की यंत्र आपोआप रिस्टार्ट होऊ लागतं आणि लोक दोष विंडोजला देतात. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

वीज ठीक निघाली की यंत्र उघडं करत जायचं. ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, डीव्हीडी, जादा रॅम सगळं बाजूला. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा हीटसिंक, रॅमची एक पट्टी आणि बोर्डावर सोय असेल तर तिथलाच डिस्प्ले, एवढ्यावर ते सुरू होतं का पाहायचं. नाही झालं, तर ती शेवटची पट्टीही काढून बटण दाबायचं. आता बोर्डाचा छोटा स्पीकर ओरडू लागला, तर ती आनंदाची बातमी असते. प्रोसेसर जिवंत आहे, बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) चालतंय आणि रॅम सापडत नाही हे यंत्र स्वतःच सांगतंय. सुरू होताना स्वतःची तपासणी करण्याची ही रीत, म्हणजे पोस्ट, १९८१च्या पहिल्या यंत्रापासून आहे. अनेक नव्या बोर्डांवर स्पीकरऐवजी चार दिवे असतात : प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. जो पेटून राहील, तिथे तपास अडला आहे.

रॅमचा दोष पुष्कळदा रॅममध्ये नसून तिच्या संपर्कात असतो. दमट हवा आणि धूळ यांनी सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर हे हमखास दिसतं. प्लग काढायचा, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज उतरवायची आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज काढायची. मग पट्टी कडेने धरून मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, कारण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, दोन्हीकडच्या कळा टक्कन बसेपर्यंत ती स्लॉटमध्ये दाबायची. नवी पट्टी घ्यायची वेळ आलीच, तर डीडीआर३ला २४० आणि डीडीआर४ला २८८ पिना असतात. खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

बोर्ड खरोखरच जातो तेव्हा खुणा अनेकदा डोळ्यांना दिसतात. प्रोसेसरभोवती उभे असलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, नळाचं पाणी कमीजास्त आलं तरी गच्चीवरची टाकी घरातली धार सारखी ठेवते, तसा विजेचा दाब सारखा ठेवतात. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर चढले. आत वायू साठून त्यांची टोपी फुगायची आणि तपकिरी द्रव बाहेर यायचा. या दोषापायी डेल कंपनीला २००५ मध्ये ऑप्टिप्लेक्स यंत्रांसाठी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. पण फुगलेले कपॅसिटर बदलून कितीतरी बोर्ड वाचले. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, अंतर्गत रोध कमी आणि धन-ऋण बाजू अचूक, इतकं सांभाळलं की काम होतं. पुढे बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर आले आणि ही तक्रार बरीच ओसरली.

हार्ड डिस्कचा न्याय निराळा. इतर भाग बाजारात मिळतात, आपली कागदपत्रं आणि फोटो मिळत नाहीत. डिस्कमधून टकटक आवाज आला, तर यंत्र लगेच बंद करावं, कारण चालू ठेवल्याने तबकडीचं नुकसान वाढतं. आवाज नसेल, तर डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती ‘स्मार्ट’ नोंद पाहावी. बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे आकडे वाढत असतील, तर आधी कॉपी घ्यावी आणि मग पुढचा विचार करावा.

कारण न शोधता भाग बदलला, तर नवा भागही जातो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पॉइंटला अर्थिंग नाही असं समजून इलेक्ट्रिशियनला बोलवावं. यंत्र थोड्या वेळाने बंद पडत असेल, तर हीटसिंकमधली धूळ आणि सुकलेली पेस्ट पाहावी. तारीख रोज मागे जात असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलावा. तो किराणा दुकानातही मिळतो.

मुंबईत या विद्येची पेठ म्हणजे लॅमिंग्टन रोड, आजचा डॉ. भडकमकर मार्ग. रेडिओच्या सुट्या भागांसाठी नावाजलेला हा रस्ता पुढे संगणकांचा झाला. आयटीआयमध्येही संगणक हार्डवेअरचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. हे ज्ञान टिकलं पाहिजे, कारण १ एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले असले, तरी कचरा कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग यंत्र चालू ठेवणं हाच आहे.

तुमचा डेस्कटॉप बंद पडला, तर नवा घेण्याआधी कारागिराला दोन प्रश्न विचारा : कोणता भाग गेला, आणि तो गेल्याचं कशावरून ठरवलं? दुसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर देईल, त्याच्याच हाती यंत्र द्या.